चांगल्या चिपलाच वेळ लागतो

इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याने विचारलं आहे: "प्रोसेसरमध्ये अब्जावधी ट्रान्झिस्टर असतात. कारखान्यात ते सगळे तपासतात का? तपासत असतील तर एका प्रोसेसरला किती वेळ लागतो? शंभरातले पाच-दहा तपासून भागत नाही का? आणि आपण जी किंमत मोजतो त्यात तपासणीचे पैसे किती?"

वीस वर्षांहून जास्त काळ मी हेच काम करतोय. आधी बंगळुरूत टेस्ट प्रोग्राम लिहायचो, मग काही वर्षं मलेशियात पेनांगला प्रत्यक्ष लाइनवर होतो. त्यामुळे उत्तर लांबणार, आधीच सांगून ठेवतो. थोडक्यात हवं असेल तर असं: विकली जाणारी प्रत्येक चिप तपासली जाते, तीही दोन-तीन वेळा. महागड्या टेस्टरवरचा, म्हणजे तपासणीच्या यंत्रावरचा, वेळ सेकंदांत असतो, तासांत नाही. आणि शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही.

ती का चालत नाही, तिथूनच सुरुवात करू. भात एका पातेल्यात, एका आचेवर शिजतो. म्हणून एक शीत बोटात दाबलं की बाकीच्यांचं कळतं. वेफरवर, म्हणजे ज्या गोल सिलिकॉन चकतीवर शेकडो चिप एकदम बनतात तिच्यावर, मात्र दोन तऱ्हेचे दोष असतात. पहिल्या तऱ्हेत प्रक्रियाच थोडी सरकलेली असते: एखादा थर जाड बसला, ट्रान्झिस्टर जरा मंद निघाले. हे शितावरून कळतं. दोन डायच्या (डाय म्हणजे वेफरवरची एकेक चिप) मधली जी पट्टी पुढे कापली जाते, तिच्यात मुद्दाम छोटे नमुने कोरून ठेवलेले असतात. त्यातले मोजके मोजले की फॅबला, म्हणजे चिप बनवणाऱ्या कारखान्याला, त्या वेफरची तब्येत समजते. दुसरी तऱ्हा कणांची. एक कण एका डायवर बसतो, शेजारचा डाय स्वच्छ राहतो. शेजाऱ्याला तपासून याच्याबद्दल काहीच कळत नाही.

३०० मिलिमीटर व्यासाच्या वेफरवर १०० चौरस मिलिमीटरचे साधारण ६४० डाय बसतात. समजा, दर दहा चौरस सेंटिमीटरला एक घातक दोष आहे. पॉइसाँचं साधं सूत्र लावलं तर ९० टक्के डाय चांगले निघतात, साठेक खराब. आता तेवढ्याच दोषांच्या वेफरवर ६०० चौरस मिलिमीटरचा मोठा सर्व्हर प्रोसेसर काढा. डाय बसतात नव्वदच्या आसपास, आणि त्यातले चांगले फक्त ५५ टक्के. कोणते, हे प्रत्येकाला तपासणीच्या सुया टेकवल्याशिवाय कुणीही सांगू शकत नाही.

आता मूळ प्रश्न, अब्जावधी ट्रान्झिस्टरांचा. १९७१ च्या इंटेल ४००४ मध्ये २,३०० ट्रान्झिस्टर होते आणि पिना १६. ॲपलच्या २०२० च्या एम१ मध्ये १,६०० कोटी ट्रान्झिस्टर आहेत. पिनांचं म्हणाल तर एएमडीच्या सर्व्हर प्रोसेसरचं एसपी५ सॉकेट घ्या, त्याला ६,०९६ टोकं आहेत, आणि त्यातला मोठा हिस्सा वीज आणि ग्राउंडलाच जातो. म्हणजे आतली वस्ती लाखो पटींनी वाढली आणि वेशीचे दरवाजे काही शे पटींनी. बाहेरून आत काय चाललंय ते बघायचं तर याच दरवाजांतून.

शिवाय "सगळं तपासणं" ही कल्पनाच फसवी आहे. दोन ३२-बिट संख्यांची बेरीज करणारा एक साधा भाग घ्या. त्याला सगळ्या शक्य जोड्या द्यायच्या ठरवल्या आणि सेकंदाला १०० कोटी जोड्या दिल्या, तरी ५८४ वर्षं लागतील. एका बेरजेला. म्हणून "बेरीज बरोबर येते का" हा प्रश्न आम्ही विचारतच नाही. आम्ही विचारतो, या बेरीज करणाऱ्या भागातली प्रत्येक तार जिवंत आहे का? कुठली शून्यावर चिकटली आहे का? कुठली वेळेत पोचत नाही का? एकदा प्रश्न असा बदलला की ५८४ वर्षांचं काम काही शे पॅटर्नवर, म्हणजे शून्य-एकच्या ठरावीक मांडण्यांवर, येतं. तुम्ही पुस्तकात ज्याला स्टक-ॲट आणि ट्रान्झिशन फॉल्ट म्हणून वाचता, ते हेच. त्या दोन व्याख्यांवर अख्खा धंदा उभा आहे.

हे जमतं ते स्कॅन चेनमुळे. चिपमधले फ्लिप-फ्लॉप, म्हणजे एकेक बिट धरून ठेवणारे भाग, टेस्टच्या वेळी माळेसारखे एकापुढे एक ओवले जातात. माळेच्या एका टोकातून हवे ते शून्य-एक आत ढकलायचे, एक-दोन क्लॉक नेहमीसारखे द्यायचे, आणि जे उत्तर अडकलं ते दुसऱ्या टोकातून ओढून घ्यायचं. ते बाहेर येत असतानाच पुढचा पॅटर्न आत जात असतो. आयबीएमच्या लोकांनी १९७७ मध्ये याची शिस्तबद्ध पद्धत मांडली. तेव्हा डिझाइनवाले कुरकुरत होते की टेस्टसाठी आमची जागा जाते. अजूनही कुरकुरतात, पण सवयीने.

यातला वेळ वहीत मांडून बघा. समजा चिपमध्ये ४० लाख फ्लिप-फ्लॉप आहेत, माळा ओढायला ३२ पिना मिळाल्या आणि १०,००० पॅटर्न द्यायचे आहेत. प्रत्येक माळ सव्वा लाख लांबीची झाली. एकूण १२५ कोटी क्लॉक. माळ ढकलण्याचा वेग १०० मेगाहर्ट्झ धरला तर साडेबारा सेकंद. आमच्या हिशोबाने हा अनर्थ आहे. म्हणून आत एक छोटं सर्किट बसवतात. बाहेरून थोडेच बिट येतात, आत ते पसरून ४,००० छोट्या माळांत जातात. प्रत्येक माळ फक्त १,००० लांबीची. तेच पॅटर्न आता एक दशांश सेकंदात संपतात. बाहेर येताना उत्तरं पुन्हा दाबून एकत्र केली जातात. काही पॅटर्न जास्तीचे लागतात, हिशोब इतका गुळगुळीत राहत नाही, पण वेळ शंभर पट कमी होतो तो खराच.

कॅशेचंही, म्हणजे प्रोसेसरमधल्या जलद मेमरीचंही, असंच. ३२ मेगाबाइट कॅशेत जवळजवळ २७ कोटी बिट. मेमरीच्या तपासणीत प्रत्येक जागी ठरावीक क्रमाने लिहायचं आणि वाचायचं असतं. मार्च सी-मायनस नावाच्या प्रचलित पद्धतीत प्रत्येक जागेला दहा वेळा हात लावावा लागतो. बाहेरून बिटबिट करत १०० मेगाहर्ट्झने गेलात तर २७ सेकंद. त्याऐवजी चिपमध्येच एक छोटा तपासनीस बसवला, तो एका वेळी ६४ बिट घेऊन एक गिगाहर्ट्झने फिरला, तर ०.०४ सेकंद. तो नुसता "नापास" म्हणून थांबत नाही. कुठली ओळ खराब ते सांगतो, आणि शिल्लक ठेवलेली ओळ तिच्या जागी लावता येते. म्हणजे आजच्या प्रोसेसरची कॅशे दुरुस्त केलेली असू शकते. त्यात लपवण्यासारखं काही नाही, सगळेच करतात.

१९९० च्या दशकाच्या शेवटी या उद्योगात खरीच भीती होती, की ट्रान्झिस्टर बनवण्यापेक्षा तो तपासणं महाग होईल. आलेख तसेच दिसत होते. ती वेळ आली नाही याचं बरंचसं श्रेय वरच्या दोन युक्त्यांना आहे: तपासनीस चिपच्या आत नेला, आणि माळा आखूड केल्या.

तरी सेकंद उरतातच, आणि ते कुठे जातात हे बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसतं. वेफर आली की प्रोब कार्डाच्या हजारो सुया डायवर टेकतात. पहिली टेस्ट अगदी गावठी: सुया नीट टेकल्या का, आणि वीज-ग्राउंड आपसात चिकटलेत का. कमी व्होल्टेजवर, काही मिलिसेकंदांत. कारण शॉर्ट असलेल्या डायवर पूर्ण वीज सोडली तर सुया जळतात, आणि हे कार्ड लाखो रुपयांचं असतं. मग गळतीचा करंट, मग स्कॅन, मग मेमरी. खराब डाय बहुतेक इथेच गळतो, अर्ध्या सेकंदाच्या आत. नापास झाला की आम्ही तिथेच थांबतो, पुढच्या टेस्ट त्याला देतच नाही.

चांगला डाय मात्र बसून राहतो. त्याला सगळ्या टेस्ट पूर्ण द्याव्या लागतात. त्यानंतर त्याचा वेग मोजायचा असतो. कुठल्या फ्रिक्वेन्सीला किमान किती व्होल्टेज लागतं हे प्रत्येक कोअरसाठी शोधायचं, आणि ते शोधताना व्होल्टेज खाली-वर करत तेच पॅटर्न पुन्हा पुन्हा चालवायचे. मग तापमानमापकाची जुळणी, मग निकाल फ्यूजमध्ये, म्हणजे चिपवरच्या कायमच्या नोंदीत, लिहिणं. वरच्या ६४० डायच्या वेफरचा हिशोब करा: ५८० चांगले, प्रत्येकी आठ सेकंद, साठ खराब, प्रत्येकी अर्धा. एकूण ७८ मिनिटं, आणि त्यात खराब डायच्या वाट्याला अर्धं मिनिट. म्हणजे आम्ही जवळजवळ सगळा पैसा चांगल्या चिपवर खर्च करतो, ती चांगली आहे एवढं समजण्यासाठी. नवीन माणूस टीममध्ये आला की तो खराब चिप लवकर पकडायच्या मागे लागतो. तिथे वाचवायला फारसं काही नसतं. एकाच वेळी चार डायवर सुया टेकवल्या असतील तर तेवढंही नाही. खराब डाय अर्ध्या सेकंदात संपला तरी उरलेल्या तिघांचं होईपर्यंत कार्ड उचलता येत नाही.

आता सेकंदाची किंमत. मोठ्या प्रोसेसरला लागणारे टेस्टर, ॲडव्हान्टेस्ट किंवा टेराडाइनचे, दहा लाख डॉलरच्या पुढे जातात. समजा एक २० लाख डॉलरला पडला आणि घसारा पाच वर्षांचा. पाच वर्षांत सेकंद पंधरा कोटी ऐंशी लाखाच्या आसपास. यंत्र ८० टक्के वेळ चालतं असं धरलं तर साडेबारा कोटी. म्हणजे नुसत्या घसाऱ्याचाच सेकंदाला दीड सेंट झाला. त्यात प्रोबर, हँडलर, कार्डं, सॉकेट, स्वच्छ खोली, वीज, तिन्ही पाळ्यांची माणसं घाला. तीन ते पाच सेंट हा आकडा आमच्यात ढोबळ मानाने बोलला जातो. वर्षाला पाच कोटी चिप निघत असतील आणि तुम्ही एक सेकंद वाचवलात, तर पाच सेंटच्या दराने २५ लाख डॉलर. शिवाय दोन टेस्टर मोकळे होतात, जे पुढच्या चिपसाठी विकत घ्यावे लागणार होते. म्हणून आमच्याकडे दोनशे मिलिसेकंदांवरून बैठका होतात, आणि बाहेरच्यांना ते हास्यास्पद वाटतं.

वेफरवर एकदा तपासलं, मग पॅकेज केल्यावर, म्हणजे डाय कापून आवरणात बसवल्यावर, पुन्हा कशाला? पॅकेज स्वस्त नसतं, म्हणून मेलेला डाय त्यात घालायचा नाही. ही झाली पहिली फेरी. पॅकेज करताना डाय कापला जातो, गरम होतो, त्याच्यावर ताण येतो, टाके जोडले जातात. त्यात काही बिघडलं का हे बघायला दुसरी. शिवाय सुयांमधून मोठ्या प्रोसेसरला पूर्ण वेगाला लागेल एवढी वीज आणि थंडावा देणं अवघड असतं. सॉकेटमध्ये बसवल्यावरच ते नीट जमतं.

या दुसऱ्या फेरीसाठीच पेनांगसारख्या जागा वसल्या. इंटेलने १९७२ मध्ये तिथे अमेरिकेबाहेरचा पहिला जोडणीचा कारखाना काढला. आपल्याकडे आसामात जागीरोडला आणि गुजरातेत साणंदला जे कारखाने उभे राहिलेत किंवा राहतायत तेही पॅकेजिंग आणि टेस्टिंगचे आहेत. तिसऱ्या वर्षाला आहात म्हणून मुद्दाम सांगतोय. फॅबइतकं या कामाचं नाव होत नाही, पण यात माणसं लागतात.

चिपलेट, म्हणजे एका पॅकेजमध्ये अनेक छोटे डाय, आल्यापासून पहिल्या फेरीचं महत्त्व फार वाढलं आहे. एएमडीच्या २०१९ च्या मोठ्या एपिक सर्व्हर प्रोसेसरमध्ये कोअरचे आठ डाय आणि मधला एक, असे नऊ डाय एका पॅकेजमध्ये आहेत. समजा, वेफरवर पास झालेल्या शंभर डायमध्ये ९९ खरोखर चांगले आहेत. ऐकायला छान. पण नऊही चांगले असण्याची शक्यता ९१ टक्के. शंभरातली नऊ पॅकेज एका डायपायी अडचणीत, बाकीचे आठ चांगले डायही त्याच्याबरोबर. त्यामुळे जो सेकंद पूर्वी पॅकेजनंतर खर्च व्हायचा, तो आता वेफरवर खर्च होतो.

मग पुरेसं म्हणजे किती? याला एक जुनं सूत्र आहे, आयबीएमच्या विल्यम्स आणि ब्राउन यांचं, १९८१ चं. यील्ड (किती टक्के चिप चांगल्या निघतात) आणि फॉल्ट कव्हरेज (शक्य दोषांतले किती टक्के टेस्ट पकडते) या दोनच गोष्टींवरून ते सांगतं की पास झालेल्या चिपमध्ये किती खराब निसटतील: एक वजा, यील्डचा (एक वजा कव्हरेज) इतका घात. कॅल्क्युलेटर घ्या. यील्ड ८० टक्के आणि कव्हरेज ९९ टक्के असेल तर दहा लाखांत २,२०० च्या वर खराब चिप ग्राहकाकडे जातात. कव्हरेज ९९.९ केलं की दोनशे वीस. आणि कव्हरेज ९९ च ठेवून यील्ड ५० टक्क्यांवर घसरलं तर जवळजवळ सात हजार. याचा अर्थ असा, की नवीन प्रक्रियेच्या पहिल्या वर्षात, जेव्हा यील्ड वाईट असतं, तेव्हा टेस्ट जास्त कडक हवी. नेमकं त्याच वर्षात टेस्टर कमी पडत असतात आणि विक्रीवाले दारात उभे असतात. सूत्रातले दोष पुस्तकासारखे सरळ वागतात असं धरलेलं आहे, म्हणून आकडा जसाच्या तसा घेऊ नका. पण दिशा चुकत नाही.

उलट बाजूही आहे. टेस्ट कडक केली की सुक्याबरोबर ओलंही जळतं. माळ ढकलताना चिपमधले लाखो फ्लिप-फ्लॉप एकदम उलटसुलट होतात, नेहमीच्या वापरात होतात त्यापेक्षा कितीतरी जास्त. आतलं व्होल्टेज खाली बसतं आणि धडधाकट चिप नापास होते. सुईच्या टोकावर कचरा साचला तरी तेच. अशी मारलेली चांगली चिप कुणाच्या तक्रारीत येत नाही, कारण ती ग्राहकाकडे गेलेलीच नसते. त्यामुळे तिच्या नुकसानीकडे दुर्लक्ष होतं. माझ्या मते टेस्टचा सगळ्यात कमी मोजला जाणारा खर्च हाच आहे. नापास झालेल्यांना पुन्हा एकदा टेकवून बघणं हा त्यावरचा साधा उपाय. त्यालाही सेकंद लागतात, पण बहुतेक वेळा ते वसूल होतात.

शिवाय "नापास" हा शब्द प्रोसेसरला तितकासा लागू नाही. देवगडचा आंबा जसा वजनाने निवडून चार डझनी, पाच डझनी पेटीत जातो, तशी चिप बिनमध्ये, म्हणजे प्रतवारीच्या खान्यात, जाते. जलद ती महाग, मंद ती स्वस्त. एक कोअर मेला असेल तर तो फ्यूजने बंद करून पुढे. २००८ मध्ये एएमडीने तीन कोअरचे फिनॉम विकले, ते चार कोअरच्याच डायवरचे होते. सोनीच्या प्लेस्टेशन ३ मधल्या सेल प्रोसेसरमध्ये आठ सहायक कोअर होते, वापरात सातच ठेवले, म्हणजे एक खराब असलेला डायही चालून जावा. त्यामुळे वेग मोजण्यात घालवलेले सेकंद हे खर्चापेक्षा कमाईचे असतात. तिथे काटकसर करू नये, असं मी प्रत्येक नव्या मॅनेजरला सांगत आलो आहे.

बर्न-इनबद्दल थोडंच सांगतो. काही चिप पास होतात पण पहिल्या काही आठवड्यांत मरतात. त्यांना आधीच मारण्यासाठी जास्त व्होल्टेज आणि १२५ अंशांच्या आसपासच्या तापमानात तासन्‌तास चालवायची पद्धत आहे. शेकडो चिप एका भट्टीत असतात म्हणून प्रत्येकीमागे खर्च आवाक्यात राहतो, तरी शक्य तितकं ते कमी करण्याकडेच कल असतो.

सिस्टिम लेव्हल टेस्ट मात्र वाढते आहे. यात चिप मदरबोर्डसारख्या पाटीवर बसवतात, ऑपरेटिंग सिस्टिम चालू करतात, खरे प्रोग्राम चालवतात. दहा-पंधरा मिनिटं सहज जातात. पण इथला एकेक खण टेस्टरच्या मानाने फार स्वस्त असतो, म्हणून हे परवडतं. पंचवीस वर्षांपूर्वी कुणी "चिप बूट करून बघू या" म्हणालं असतं तर त्याला हसले असते. आज जे दोष स्कॅनच्या जाळीतून निसटतात, ते इथे सापडतात.

आता माझी स्वतःची एक चूक. थंडीतली एक टेस्ट होती, ०.४ सेकंदाची. काही लाख चिपमध्ये तिने एकटीने एकही चिप पकडली नव्हती. ती जे पकडायची ते दुसरी कुठली तरी टेस्ट आधीच पकडत होती. आकडे स्वच्छ होते. मी ती काढायचा कागद लिहिला, सही केली, आणि वाचलेल्या पैशांबद्दल कौतुकही झालं. आठ-नऊ महिन्यांनी ग्राहकाकडून चिप परत यायला लागल्या. सगळ्या थंड जागी वापरलेल्या. मधल्या काळात फॅबने धातूच्या एका पायरीत किरकोळ बदल केला होता. जोडणीत बारीक तडे राहत होते. गरम असताना ते मिटायचे आणि थंडीत धातू आकसला की उघडायचे. ते बघणारी एकच टेस्ट होती, आणि ती मी काढली होती. आकडे खोटे नव्हते. ते जुन्या प्रक्रियेचे होते, एवढंच. तेव्हापासून मी टेस्ट पूर्ण काढत नाही. दर वेफरवर थोड्या डायना ती चालू ठेवतो. त्यांच्यात एक जरी पडली तरी ती सगळ्यांना परत लागते. इथे शितावरून भात चालतो, कारण आपण भात बघत नसतो, आच बदलली का ते बघत असतो.

तपासणी काय पकडत नाही, तेही सांगायला हवं, कारण लोक सगळं एकाच पोत्यात भरतात. आमची टेस्ट चिपची तुलना डिझाइनशी करते. डिझाइनच चुकलं असेल तर प्रत्येक चिप दिमाखात पास होते. १९९४ चा पेंटियमचा भागाकाराचा घोटाळा तसाच. भागाकारासाठी लागणाऱ्या तक्त्यातल्या काही नोंदी राहून गेल्या होत्या. गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांना ते आपल्या हिशोबात सापडलं, आणि इंटेलला ४७.५ कोटी डॉलरची तरतूद करावी लागली. टेस्ट फ्लोअरवर कितीही सेकंद वाढवले असते तरी ते सापडलं नसतं. २०११ च्या जानेवारीतला इंटेलचा दुसरा प्रसंग वेगळा. प्रोसेसर ठीक होता, सोबतच्या चिपसेटमध्ये साटा पोर्टचा, म्हणजे हार्ड डिस्क जोडायच्या जागेचा, भाग हळूहळू झिजत होता. पहिल्या दिवशी सगळं व्यवस्थित, काही महिन्या-वर्षांनी पोर्ट ढेपाळणार. दुरुस्ती आणि बदलीचा अंदाज ७० कोटी डॉलरचा होता.

तर किमतीतला वाटा. वेफरवर आठ सेकंद, पॅकेजनंतर पंचवीस, दर पाच सेंट: दीड डॉलरच्या थोडं वर. सिस्टिम लेव्हलची दहा मिनिटं, सेकंदाला पाव सेंटाहून कमी धरून, आणखी सव्वा डॉलर. म्हणजे तीन डॉलरच्या आत, अडीचशे रुपयांच्या आसपास. हा माझा नमुन्याचा हिशोब आहे, कुठल्या कंपनीचा नाही. वीस-पंचवीस हजारांच्या प्रोसेसरमध्ये तो एक टक्का पडला. कारखान्याच्या खर्चाशी तुलना केली तर वाटा बराच मोठा दिसेल, कारण विक्रीच्या किमतीत संशोधन, नफा, वितरण सगळं असतं. आणि खरी ओढाताण महाग प्रोसेसरमध्ये नसतेच. अर्ध्या डॉलरला विकल्या जाणाऱ्या मायक्रोकंट्रोलरला एक सेकंद दिला आणि त्याचे तीन सेंट पडले, की किमतीच्या सहा टक्के गेले. गिझरमधल्या चिपचा टेस्ट इंजिनिअर माझ्यापेक्षा जास्त घाम गाळतो.

शेवटी अलीकडची गोष्ट, जी या हिशोबात नीट बसत नाही. २०२१ मध्ये गूगलच्या अभियंत्यांनी लिहिलं की त्यांच्याकडे दर काही हजार मशिनांमागे मोजके कोअर असे निघतात, जे अधूनमधून गुपचूप चुकीचं उत्तर देतात. मशीन बंद पडत नाही, एरर येत नाही, उत्तरच चुकीचं. त्याच वर्षी फेसबुकच्या लोकांनी एक उदाहरण दिलं: एका कोअरवर १.१ चा ५३ वा घात काढून पूर्णांक घेतला की १५६ ऐवजी शून्य यायचं. काही दुसरे घात काढले तर उत्तर बरोबर. ही चिप आमच्यासारख्याच कुणाच्या तरी टेस्टरवर पूर्ण वेळ बसली होती आणि चांगल्या बिनमध्ये गेली होती. अशा चुकीसाठी नेमकी कुठली टेस्ट किती सेकंद लावायची हे कारखान्यात आधी ठरवता येत नाही. म्हणून या कंपन्या आता आपल्या डेटा सेंटरमध्येच, मशीन देखभालीला बाहेर काढलं की किंवा काम चालू असतानाच मधल्या फटीत, स्वतः टेस्ट चालवतात. तिथे मिनिटं नव्हे, महिने उपलब्ध असतात. त्या सेकंदांचं बिल मात्र आता चिप बनवणाऱ्याच्या नावावर फाटत नाही.